कडू कोको आणि रद्द झालेले तिसरे कलम

मी, एडिथा पेनहेल, वय अडुसष्ट, अविवाहित, राहणार ट्रेवेल, कॉर्नवॉल, पूर्ण शुद्धीवर आहे. दडपण कोणाचे नाही; भीती मात्र फार आहे. महिनाभर रात्रीचा कोको कडू लागतो, मग पोटात पीळ पडतो. डॉक्टर म्हणतात, "वय झालं, बाई." रहस्यकथांतले डॉक्टरही पहिल्या प्रकरणात हेच म्हणतात. म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. आधीची सर्व रद्द.

१. राहते घर भाचा जॅगो यास. तो राहायला आला आणि कोको कडू झाला. कप वर आणतो तोच.

२. माझी रहस्यकथांची पुस्तके गावच्या वाचनालयास. बावीस वर्षे मी साप्ताहिकात परीक्षणे लिहिली, खुन्याचे नाव कधी फोडले नाही. पाद्रीबुवांची बहीण लव्हडे हिला मात्र एकही पुस्तक देऊ नये. ती शेवटचे पान आधी वाचते आणि गावभर सांगत सुटते.

३. उरलेली शिल्लक पूर्वीप्रमाणेच स्वयंपाकीण टॉनकिनबाई हिला. जिवाला जीव देणारी बाई. नोकर खुनी निघाला की परीक्षणात मी लेखकाची सालटी काढते. दुसरे कोणी सुचत नाही यांना!

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, हे रहस्यकथा वाचणाऱ्याला पाठ असते. म्हणून आज चहाच्या वेळी जॅगोला म्हटले, "घर तुझ्या नावे केलंय. साक्षीला सही कर." त्याला संशय नको म्हणून टॉनकिनबाईलाही बोलावले.

तो हसला. "म्हणजे घरावर पाणी सोडू? आण इकडे, आत्या. तुला झोप तरी लागेल."

मला रडूच आले. सही करू दिली नाही.

टॉनकिनबाई दारातूनच म्हणाली, "मला नको साक्षीला. माझं आहे ते जाईल!"

"तुझं काय आहे?"

ती पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. हा कागद, आणि आधीचाही, कुलपात असतो. किल्ली माझ्या उशीखाली, आणि अंथरूण तीच घालते. कोको जॅगो आणतो, पण करते तीच.

५. तिसरे कलम रद्द. शिल्लकही जॅगोस. ज्या लेखकांची सालटी काढली, त्यांची माफी मागते.

६. जॅगो साक्षीदार आणायला धावला आहे. टॉनकिनबाई आज स्वतः कप घेऊन उभी आहे. "गार होतोय, बाईसाहेब. प्या ना." घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नये. जॅगो, लवकर ये रे.

सही: एडिथा पेनहेल
ट्रेवेल, ९ नोव्हेंबर १९३४

आम्हां दोघांसमक्ष सही केली:
१. लव्हडे कार्ल्यॉन
२. डॉ. पेट्रॉक व्हिव्हियन. कप भरलेलाच मिळाला. तपासायला नेत आहे. बाई, मला क्षमा करा.