रहिमतबी चषकाचा अजून न ठरलेला विजेता

कुपवाड,
सोमवार, दुपारच्या चहानंतर

आदरणीय चांदसाहेबचाचा यांना जिनदत्तचा सलाम आणि जय जिनेंद्र.

गुडघा कसा आहे? सबीना रोज तेल चोळून देते म्हणे, पण तुम्ही घराबाहेर पडत नाही, असंही कळलं. (नईम सगळं सांगतो, पुतण्यावर रागावू नका.) आम्ही इकडे खुशाल. लीग मात्र खुशाल नाही.

चाची गेल्यावर तुम्ही लेकीकडे साताऱ्याला गेलात ते गेलातच. यंदा चाचींच्या नावाचा कप आणि स्वहस्ते लिहिलेली नियमावली पाठवलीत, स्वतः आला नाहीत. तरी आम्ही 'कुपवाड राष्ट्रीय फुटबॉल लीग' थाटात सुरू केली. चारही संघ एकाच रस्त्यावरच्या वर्कशॉपांचे, मग राष्ट्रीय कशी, असं विश्रामबागेतल्या एका प्राध्यापकाने विचारलंच. नईमकडे दोन वेल्डर बिहारचे आणि एक टर्नर ओडिशाचा आहे. एवढं राष्ट्र आम्हाला पुरतं.

अंतिम सामना माझ्या आणि नईमच्या संघात. आमचा गोलकीपर म्हणजे माझा धाकटा भाऊ सन्मती, दिवस मावळायच्या आत जेवणारा. ऊन कललं की त्याची बायको गुणमाला डबा घेऊन गोलपोस्टमागे उभी राहते आणि हा हातमोजे काढून भाकरीला बसतो. बदली गोलकीपर उभा करावा, तर तुमच्या नियमावलीत बदलीला बंदी. त्यामुळे शेवटची दहा मिनिटं आमचा गोल सताड उघडा. मग मगरिबची अजान होते, नईमची निम्मी माणसं नमाजाला जातात आणि सामना संपतो. तीन रविवार हेच, तिन्ही वेळा एक-एक बरोबरी. काल तर नईमने उघड्या गोलासमोर, पाच पावलांवरून, चेंडू असा हाणला की बाजूने जाऊन सन्मतीच्या आमटीचा डबाच लवंडला. गुणमाला त्याच्याशी बोलत नाही.

मग मी मोबाईलवर इतिहास काढला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगला (तिकडे चेंडू हातात घेऊन पळतात, त्याला फुटबॉल म्हणतात) सुरुवातीला अंतिम सामनाच नव्हता. पहिल्या वर्षीचा विजेता संघवाल्यांनी बैठकीत मतं देऊन ठरवला. पुढे एकदा बरोबरी झाली म्हणून सामना ठेवला, तर बाहेर कडाक्याची थंडी. मग छपराखाली, सर्कशीच्या मातीवर खेळले. आपल्याकडे सर्कस नाही, म्हणून काल सामन्यानंतर बैठक घेतली. चार संघांची चार मतं, दोन-दोन पडली. मी नईमला मत दिलं, नईमने मला. (का ते विचारू नका.)

तेव्हा विजेता तुम्हीच ठरवा आणि उलट टपाली कळवा. सबीनाला आशीर्वाद.

तुमचा,
जिनदत्त

ता. क. टपालाने कळवून चालणार नाही. मत देणारा मैदानात हजर हवा, असा नियम आहे. (कालच्याच बैठकीत केला.)

आणखी ता. क. चाचा, खरं सांगतो. नईमचा नेम बिघडलेला नाही. तिन्ही वेळा त्याने मुद्दाम बाहेर मारला. दुसऱ्या रविवारी मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "जिनदत्तभाऊ, निकाल लागला तर चाचा कशाला येत्यात हितं?" तेव्हापासून मीही आमच्या गड्यांना आवरून धरलंय. चाचींचा कप तुमच्याच हातून दिला जावा, असं आम्हाला फार वाटतं. तुमच्यावाचून मैदानावर करमत नाही. येत्या रविवारी चौथा सामना ठेवतो, खुर्ची गुणमालाशेजारी मांडतो. तुम्ही समोर बसलात की नईम नेम धरून मारणार, म्हणजे आम्ही हरलोच समजा. तरी या.