विमानपाड्याचा जबाब

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

आज एक पोरगी दारात आली आणि चपला काढायच्या आधीच विचारती झाली — "आजी, तुमच्या गावात विमान कशामुळं पडलं?" जसं काय काल पडलं!

नाव माधवी. परभणीला कॉलेजात इतिहास शिकवते. आपल्या जिल्ह्यात कुठं कुठं विमानं पडली आणि का पडली, ते लिहायला बसलीय. तीन सापडली म्हणे. एक जिंतूरकडं, निजामाच्या काळातलं, लष्कराचं — धुक्यात डोंगराला धडकलं. दुसरं कपाशीवर फवारणी करणारं, ते विजेच्या तारेत अडकलं. तिसरं आमच्या निवळेवाडीचं, १९६८ च्या येळवशीला पडलेलं. पहिल्या दोन्हींपुढं तिनं कारण लिहिलंय. आमच्यापुढं नुसतं प्रश्नचिन्ह.

मी म्हटलं, "कारण मागं गोठ्यात बसलंय, म्हशीला वैरण घालायलंय."

तिला वाटलं थट्टा. तोवर कारण मागच्या दारानं पसार.

कारण म्हणजे आमचे हे. आश्रुबा. तोंडानं कधी नाव घेत नाही, पण वहीत कोण अडवतंय? आश्रुबा, आश्रुबा, आश्रुबा.

३ डिसेंबर

एकदा सगळं लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या कुणी काही भर घातली तर मला तरी खरं कळेल.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, अख्खं गाव शेतात असतं. दिवसभर कडब्याच्या खोपीत पूजा, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, ताकातली आंबील. दिवस बुडताना कडब्याची पेंढी पेटवायची आणि तो टेंभा घेऊन शेताला एक फेरी मारायची. शिवारभर उजेड हलताना दिसतो. त्या वर्षी नेमकं त्याच वेळी वाट चुकलेलं एक शिकाऊ विमान आलं. पायलटला वाटलं, आला विमानतळ! उतरला तो ज्वारीत. नाल्यावरून टणकन उडालं विमान आणि यांच्या शेतात पालथं झालं.

पायलट वाचला. हात मोडला होता. बैलगाडीत घालून तालुक्याला, पालमला नेला. पण पोरगं हातासाठी रडत नव्हतं — आता मला विमान कोण देईल, म्हणून रडत होतं.

मग फौजदार आला. "टेंभा कुणाचा?" टेंभा म्हणजे काय ते जन्मात ऐकलं नाही असं तोंड अख्ख्या गावानं केलं. यांनी हात वर केला. "माझा." वीस वर्षांचे होते. दोन कानफटात बसल्या आणि तीन दिवस कोठडी. तेव्हापासून घराण्याचं नाव पडलं विमानपाडे. तीन वर्षांनी लग्न होऊन मी विमानपाडीण झाले. माहेर याच गावचं, नाल्यापलीकडचं शेत आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं. त्या संध्याकाळी मीही टेंभा घेऊन हुंदडतच होते. सगळेच हुंदडत होते, पण मान यांना मिळाला.

हसायचं हसून झालं. खरं असं की सत्तावन्न वर्षांत हे एकाही येळवशीला शेतात आले नाहीत. सगळा गाव शिवारात आणि हे एकटे घरी. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "म्हशीला कोन बघंल?" म्हैस नव्हती तेव्हाही हेच म्हणायचे. त्या पायलटचं रडणं यांच्या काळजात रुतून बसलंय, दुसरं काय असणार?

औंदा सत्त्याहत्तर झाले. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. एकदा तरी यांना शेतात टेंभा धरलेलं बघायचंय मला. मग माझं काही मागणं नाही.

६ डिसेंबर

माधवी गावभर फिरली. संध्याकाळी वही दाखवली. हसून हसून माझी दाताची कवळी निसटली.

शेजारची तानुबाई म्हणाली, पायलटला वरून आंबिलाचा वास आला, त्यानं खाली वाकून बघितलं. सरपंच आदिनाथच्या मते पेट्रोलमध्ये रॉकेल होतं. देवळापाशी बसणाऱ्या मंडळींनी सांगितलं की विमान देवळावरून आडवं गेलं, देवाला विचारलं नाही. एकानं तर पायलट मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, भावाला भेटायला आला होता, इथवर सांगितलं.

माधवी म्हणाली, "आजी, यातलं मी काय लिहू?"

"सगळंच लिही. एका कारणानं विमान पडत न्हाई."

८ डिसेंबर

नवीनच. आदिनाथनं ग्रामसभेत सांगून टाकलं — माधवी मॅडमचं लिहून झालं की वेशीत फलक लावायचा, 'विमानाचं गाव'. लोक बघायला येतील. सावरगावच्या बाजाराला जाणारे तरी थांबतील.

झालं! तेव्हा गावानं तुकड्या-तुकड्यानं पळवलेलं आणि सत्तावन्न वर्षं घराघरात दडवलेलं विमान एका दिवसात बाहेर आलं. तानुबाईच्या गोठ्याचं दार म्हणजे विमानाचं दार. न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची पायलटची. एकाच्या कणगीवरचं झाकण निघालं पंखाचं.

आणि आता टेंभा सगळ्यांचाच! "आमच्याच आज्यानं पाडलं." "न्हाई, आमच्या चुलत्यानं." भांडण हातघाईवर आलं. फौजदारापुढं ज्यांची वाचा बसली होती, त्यांची नातवंडं ओरडत होती.

हे एका कोपऱ्यात बसले होते. उठताना फक्त म्हणाले, "घ्या की वाटून."

९ डिसेंबर

रात्रभर यांना झोप नाही. मलाही नाही.

११ डिसेंबर

माधवीचा फोन आला. अपघाताची चौकशी झाली होती, त्या चौकशीचा अहवाल कुठल्यातरी कपाटात असणार. माहितीच्या अधिकारात तिनं मागवलाय. येईल की नाही, सांगता येत नाही म्हणाली. इतका जुना कागद वाळवीनं खाल्ला असेल.

म्हणजे कागद नाहीच. म्हणजे कुणीतरी लिहायला पाहिजे.

तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. वरिष्ठांना पाहिजे तसा अहवाल एका बैठकीत लिहून द्यायची सवय आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

एसटीनं पालमला जाऊन आले. यांना सांगितलं, डोळे दाखवायला चालले.

तहसीलसमोर नागसेन अजून टाइपरायटर घेऊन बसतो. माझ्याच अंगणवाडीतलं लेकरू, आता त्याच्याही मिशा पिकायला लागल्यात. मजकूर वाचून म्हणाला, "बाई, हे कोन लिहिलं?"

"सरकारनं."

"कवा?"

"आता तू टाइप करशील तवा."

लबाड माझ्याच हाताखाली शिकलाय, पुढं काही विचारलं नाही. मजकूर असा — 'विमानातील इंधन आधीच संपले होते. शेतात उजेड होता म्हणून वैमानिकास सपाट जमीन दिसली व त्याचे प्राण वाचले.' खाली सही म्हणून एक वेटोळं. कागद चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवला. शिक्का आमच्या अंगणवाडीचाच मारला, पण तिरका आणि पुसट, म्हणजे 'पोषण आहार' वाचता येऊ नये.

माधवीला हा कागद दाखवायचा नाही. तिच्या पुस्तकात खोटं जायला नको. एवढी नीती माझ्यात शिल्लक आहे.

१६ डिसेंबर

वाचून दाखवला. जेवण झाल्यावर, सुपारी कातरत असताना. "माधवीनं धाडलाय," म्हटलं.

तुमच्या टेंभ्यानं विमान पडलं नाही, माणूस वाचला, हे मी दोनदा वाचलं. यांनी कागद हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. वास घेतला!

"आसं हाय व्हय," एवढंच म्हणाले आणि घडी करून टोपीत ठेवला.

१७ डिसेंबर

मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा यांनी म्हशीची तब्येत सांगितली.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

आले!

सकाळी मी भज्जीचं पातेलं डोक्यावर घेऊन निघाले, तर हे धोतर नेसून दारात उभे. "म्हशीला कोन बघंल?" मीच विचारलं. म्हणाले, "बघंल तिची ती."

दिवसभर खोपीत बसले. आंबील तीन वाट्या प्याले. लोक लांबून बघून जायचे, जसं काय नवरदेव बसलाय. दिवस बुडायला लागला तेव्हा मी पेंढी पुढं केली. यांनी हात पुढं केला, मागं घेतला, मग धरली. मीच काडी ओढली.

काठी टेकत टेकत, अख्ख्या शेताला फेरी. वाटेत दोनदा थांबले. मी मागून चालत होते. धूर डोळ्यात गेला म्हणून रडले, असं तानुबाईला सांगितलं. तुला काय खोटं सांगायचं, वही? आनंदानं रडले.

२० डिसेंबर

खोटं बोलले. बरं झालं. वर गेल्यावर विचारतील तेव्हा बघू.

७ जानेवारी २०२६, बुधवार

माधवी आली. खरा अहवाल आला! वाळवीला नको झाला वाटतं.

इंग्रजीत आहे. तिनं मराठी करून सांगितलं. पायलटचं म्हणणं त्यात शब्दनशब्द आहे. नाल्याच्या पूर्वेकडच्या शेतात एक मोठा उजेड एका सरळ रेषेत सारखा ये-जा करत होता, त्याला तो धावपट्टीचा इशारा समजला. नाल्याच्या पश्चिमेच्या शेतात पूर्ण अंधार होता.

पश्चिमेचं शेत आमचं. यांनी तर त्या वेळी टेंभा पेटवलाही नव्हता.

पूर्वेचं शेत माझ्या आबांचं. आबा आजारी होते म्हणून त्या वर्षी टेंभा मी धरला होता. फेरी एकच मारायची असते. पण मी पेंढी मोठी बांधली होती, विझता विझेना, आणि सोळा वर्षांचं वय. मी नाल्याकाठच्या बांधावरून नुसत्या येरझाऱ्या घालत सुटले. मजा येत होती. विमानाचा आवाज अंगावर आला तेव्हा टेंभा नाल्यात फेकून घरी पळाले आणि गोधडीत शिरले. सकाळी कळलं, आश्रुबानं कबूल केलंय. मग मी दुसरा विचारच केला नाही. आला असेल तर बसू दिला नाही.

माधवी म्हणाली, "आजी, पूर्वेचं शेत कुणाचं होतं?"

मी म्हटलं, "चहा घेशील का?"

८ जानेवारी

सकाळी हे धार काढायला बसले होते. विचारलं, का खोटं बोललात?

"तुजे आबा तापानं फणफनायले व्हते. फौजदारानं न्हेलं असतं तर माघारी आले नसते."

मग सत्तावन्न वर्षं टेंभा का धरला नाही?

"लिहून दिल्तं फौजदाराला. फिरून धरणार न्हाई म्हनून. शब्द हाय."

"आन औंदा कसा मोडलात?"

"तू त्यो कागद वाचायलीस तवा तुजा आवाज कापायला व्हता. म्हनलं, हिच्या जिवाला लय लागलंय. मोडावा."

मी तिथंच शेणाच्या पाटीशेजारी बसले आणि मोठ्यानं रडले.

हे म्हणाले, "हळू. म्हैस पान्हा चोरंल."