पुसलेली टेस्ट

४ मार्च, मंगळवार
झालं एकदाचं! चार हजार दोनशे ओळींची फाइल नऊशेवर आणली.

अडतीस टेस्ट, सगळ्या एकाच साच्यातल्या — पेशंटचं वजन घाला, औषधाचा डोस काढा, बरोबर आला का बघा. आकडे तेवढे वेगळे. सारखं होतं ते एका जागी काढलं, उरलेलं पुसलं. मीटिंगमध्ये साहेबांनी फाइल आधी आणि नंतर, दोन्ही पडद्यावर दाखवली. टाळ्या! मी म्हटलं, ‘अण्णांच्या कीबोर्डवर दोनच बटणं होती — कॉपी आणि पेस्ट.’ सगळे खदखदून हसले. शेजारच्या टेबलावरचीही. बाळंतपणाची रजा संपवून परवाच आलीय, तरी हसली.

अण्णा निवृत्त होऊन वर्षही नाही झालं. काम त्यांनीच शिकवलं होतं मला. नको होतं बोलायला.

५ मार्च
आईनं विचारलं, टाळ्या कशाबद्दल? सांगितलं — टेस्ट म्हणजे आमचा प्रोग्राम नीट चालतो का ते तपासणारा दुसरा प्रोग्राम. तोही आम्हीच लिहितो. ‘म्हणजे पेपर तुम्हीच काढता, तुम्हीच सोडवता, तुम्हीच तपासता. बरंय की!’

१९ मार्च, बुधवार
हॉस्पिटलमधून तक्रार. साडेसहाशे ग्रॅमचं बाळ, दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेलं. आमचा प्रोग्राम ज्यावर चालतो त्या औषध सोडणाऱ्या पंपानं वजन एक किलो धरलं आणि डोस दीडपट काढला. तिथल्या नर्सनं सवयीप्रमाणे कागदावर हिशेब केला, आकडा जुळेना, तिनं पंप सुरूच केला नाही. बाळ सुखरूप आहे. सुखरूप आहे.

प्रोग्राममधला बदल शेजारच्या टेबलावरच्या शेजारणीचा निघाला. वजनाचा रकाना रिकामा राहिला की शून्य जायचं, म्हणून तिनं लिहिलं — एकाच्या आत काही आलं तर एक धर. एवढ्या लहान बाळांचा विचारच सुटला. साहेब सगळ्यांसमोर तिला म्हणाले, ‘टेस्ट चालवल्या नव्हत्यास का?’

‘चालवल्या होत्या. सगळ्या हिरव्या होत्या, एकही नापास नव्हती.’

सगळ्या हिरव्या. आणि काही मी पुसल्या होत्या.

२० मार्च
जुनी फाइल उघडली. तेविसावी टेस्ट. वजन ०.६५ किलो. तिच्या वरचीत ६.५. मी दोन्ही एकच समजले. टिंब एक घर सरकलेलं, दिसलंच नाही! अण्णांनी असल्या बाळांसाठीच लिहिली होती आणि मी ती केर समजून झाडून टाकली.

पुढचं वाचवेना. फाइल बंद केली.

उद्या साहेबांना सांगते.

२१ मार्च
नाही सांगितलं. साहेब फोनवर होते. दिवसभर नव्हते काही.

२४ मार्च, सोमवार
शेजारणीला पंपाच्या कामावरून काढलं. आता ती माहितीपुस्तिका लिहिणार. डबा खाताना म्हणाली, ‘बाळ झाल्यापासून माझं डोकंच ठिकाणावर नसतं बहुतेक. सासूबाई म्हणतात तेच खरं, इतक्यात यायला नको होतं मी.’

‘असं काही नसतं गं,’ मी म्हटलं. आणि तिला माझ्यातली भाजी वाढली. भाजी!

२५ मार्च
आई : ‘तुझं काहीतरी बिनसलंय.’
मी : ‘काही नाही. काम आहे.’

२६ मार्च
कारणं शोधतेय. बदल तिचा होता, हे तर खरंच आहे ना? मी पुसलेलं ऑफिसातल्या दोघांनी तपासून होकार दिला होता, हेही खरं. तिसरं कारण सापडलं तेव्हा स्वतःचीच किळस आली — तिला पुस्तिकेचं काम बरं पडेल, घरी लवकर जाता येईल. कोण बोलतंय हे माझ्यातून?

२८ मार्च, शुक्रवार
सकाळी ती राजीनाम्याचं पत्र लिहीत होती. स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, ‘शुद्धलेखन बघतेस का जरा?’

दुसरी ओळ — ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’.

सांगून टाकलं. तिथंच, उभ्या उभ्या. तेविसावी टेस्ट, सरकलेलं टिंब, सगळं. ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, ‘कधी कळलं तुला?’

‘गेल्या आठवड्यात, गुरुवारी.’

‘आठ दिवस.’ बोटं मोजली तिनं, खरोखर मोजली. ‘आठ दिवस माझ्याबरोबर जेवत होतीस.’

मग साहेबांकडे गेले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, ‘चूक तुम्हा दोघींची, आणि होकार देणाऱ्यांचीही. ती टेस्ट परत घाला आणि दोघींनी मिळून तपासा.’ पत्र तिनं पाठवलं नाही अजून. फाडलंही नाही.

आईला सांगितलं. तिनं ताटावरून मान वर केली नाही. ‘बाळ बरं आहे ना?’ बस, एवढंच.

२९ मार्च, शनिवार
ऑफिसात आम्ही दोघीच. पुसलेली टेस्ट परत घातली आणि तिचा चुकीचा बदल मुद्दाम तसाच ठेवून चालवली. लाल व्हायला हवी होती.

हिरवी!

पुन्हा चालवली. हिरवीच. मग पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. अण्णांनी वरची टेस्ट चिकटवून वजन बदललं होतं, पण तपासायच्या ओळीत वरचाच पेशंट राहून गेला होता, म्हणजे त्याचाच डोस त्याच्याच उत्तराशी ताडला जात होता. इतकी वर्षं ती टेस्ट त्या बाळाकडे बघतच नव्हती. मी पुसली नसती तरी काहीच पकडलं नसतं तिनं.

शेजारीण माझ्या खांद्यावरून वाचत होती. ‘म्हणजे तू पुसल्यानं काहीच बिघडलं नव्हतं.’

मी मान हलवली. रडूच येणार होतं, इतकं हलकं वाटलं.

ती स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसली. ‘मग आता त्या आठ दिवसांचं काय करू मी?’