बोलणारं वेळापत्रक

१० फेब्रुवारी २००७, शनिवार

पुण्याहून परत. एक दिवसाची कार्यशाळा झाली: अंध वाचकांसाठी पीडीएफ. चहा दोनदा, सर्टिफिकेट एक. दुपारी थोडा डोळा लागला, पण मुख्य मुद्दा डोक्यात पक्का बसला. पीडीएफमधल्या मजकुरामागे टॅग नावाच्या न दिसणाऱ्या चिठ्ठ्या असतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा टेबलातला चौकोन. अंध माणसाच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते या चिठ्ठ्या बघून सगळं मोठ्याने वाचतं. चिठ्ठ्या बरोबर तर वाचन बरोबर. सोपं आहे. नाशकात हे येणारा कॉलेजचा क्लार्क बहुधा मी एकटाच.

टेबलांचं सत्र शेवटचं होतं. गाडी पकडायची म्हणून त्याआधी निघालो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्य दीपमाला मॅडमना सर्टिफिकेट दाखवलं. त्या म्हणाल्या, छान, मग मार्चच्या परीक्षेचं वेळापत्रक वेबसाइटवर टाकाल ते छायाला वाचता येईल असं करा.

छाया आपली बहिःस्थ विद्यार्थिनी, सेकंड इयर कॉमर्स. चांदवडची, घरी कांद्याची शेती. जन्मापासून दिसत नाही. एका संस्थेने तिला बोलणारा कॉम्प्युटर दिलाय. वडील गोटीराम मागच्या वर्षी फीसाठी आले होते तेव्हा बोलले होते, पोरगी लय हुशार हाय, फक्त कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

मॅडमनी विचारलं, नक्की जमेल ना. दोन दिवसांचं काम, म्हणालो.

२६ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा विभागाकडून तारखा आल्या. रोज अर्धा तास टॅगिंगला द्यायचा असा निश्चय.

आज फक्त टेबल सजवलं. चार रकाने: तारीख, वर्ष, सकाळ, दुपार. प्रत्येक तारखेला दोन ओळी, वरची फर्स्ट इयरची, खालची सेकंड इयरची. तारखेचे वरखालचे चौकोन जोडून एकच उंच चौकोन केला. दुहेरी बॉर्डर. दिसायला देखणं झालंय. मराठी प्रत नोटीस बोर्डवर, इंग्रजी प्रत वेबसाइटसाठी, कारण आपल्या मराठी फॉन्टचं स्क्रीन रीडर भलतंच काहीतरी वाचतो. हे मला कार्यशाळेच्या आधीपासून ठाऊक होतं असं मॅडमना सांगितलं.

८ मार्च, गुरुवार

रंगपंचमी. कॉलेज बंद. रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उडी मारली. डाव्या कानात रंगाचं पाणी गेलंय. ऐकण्याचं काम आज शक्य नाही.

१३ मार्च, मंगळवार

झालं. बटण दाबलं की सॉफ्टवेअर टॅग आपोआप लावतं. मग तपासणीचं बटण. निकाल: कोणतीही अडचण आढळली नाही. त्या निकालाची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली. फाइल वेबसाइटवर टाकली.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, त्या मुलीने ऐकलं का? तपासणी यंत्राने केली आहे, असं समजावलं.

१५ मार्च, गुरुवार

छायाचा फोन. म्हणाली, "सर, टेबल म्हणतंय, तारीख: सेकंड इयर. वर्ष: इकॉनॉमिक्स. यातून मी काय घ्यायचं?"

म्हटलं, वाचण्याचा वेग कमी कर. ती म्हणाली, वेगाचं नाय सर. तारखेचा चौकोन जोडलाय का तुम्ही? मग खालच्या ओळीत तारखेचा चौकोनच राहिला नसंल. सगळं एक घर डावीकडं सरकलं.

मी तेच सांगणार होतो.

१७ मार्च, शनिवार

बसलो एकदाचा. सेकंड इयरच्या प्रत्येक ओळीत मागच्या बाजूने एकेक रिकामा टॅग घातला, म्हणजे सगळं परत उजवीकडे सरकेल. कॉम्प्युटर फार मंद. क्लिक केल्यावर काहीच होईना म्हणून काही ठिकाणी पुन्हा क्लिक केलं.

मग ऐकून पाहिलं. स्क्रीन रीडरची ट्रायल कॉपी आहे, चाळीस मिनिटांनी बंद पडते. पस्तीस मिनिटं आवाज का येत नाही हे शोधण्यात गेली. स्पीकरची पिन. उरलेल्या वेळात पहिल्या दोन ओळी ऐकल्या. अप्रतिम. पुढच्या तशाच असणार.

तपासणी: अडचण नाही. नवी फाइल चढवली.

२३ मार्च, शुक्रवार

छायाचा पुन्हा फोन. आता वाचन नीट लागतंय म्हणाली. मी फक्त मॅडमना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "नीट लागतंय ना?" असं एकदा विचारलं.

मग तिने विचारलं, "अठ्ठावीसला इंग्लिश दुपारी दोनला आहे ना सर? दरवेळी सकाळी असतं."

वेळापत्रक समोरच्याच भिंतीवर होतं. उठून पाहिलं असतं तर दहा सेकंद. पण प्रश्न तत्त्वाचा. विचारलं, टेबल काय सांगतं? दुपारी, म्हणाली. मग दुपारी. आता तुला कुणाला विचारायची गरज नाही छाया, तू स्वतः वाचू शकतेस.

ती बरं सर म्हणाली. मला जरा भरून आलं.

यापुढे फोनवर कुणालाही वेळ सांगायची नाही. सवय लागते.

२८ मार्च, बुधवार, सकाळी १०.०५

हॉल तीनमध्ये सेकंड इयरचा पेपर सुरू झालाय. इंग्रजीचा.

नोटीस बोर्डवर जाऊन पाहिलं. सकाळ.

छायाचा नंबर ४७. चौथ्या रांगेतलं बाक रिकामं.

१०.१०

फाइल उघडली. अठ्ठावीस तारखेची सेकंड इयरची ओळ. रिकामे टॅग एक नाही, दोन: एक तारखेच्या जागी, दुसऱ्या क्लिकचा वर्षाच्या पुढे. तारीख बरोबर, वर्ष बरोबर, सकाळ: रिकामं, दुपार: इंग्लिश. ऐकताना कुठेच खटकणार नाही.

साडेदहानंतर कुणाला आत घेत नाहीत. हा पेपर गेला तर वर्ष गेलं. चांदवडहून इथे कॉलेजला, सातपूरला, यायला दोन तास.

११.४०

क्रमाने लिहितो.

ऑफिसचा फोन मॅडमच्या टेबलावर. त्यांच्यासमोर तो फोन करणं मला जमलं नसतं. गेटबाहेर, कारखान्यांच्या रस्त्याला एसटीडी बूथ आहे, तिथे पळालो. आत शिफ्ट सुटलेला एक कामगार गावी बोलत होता. त्याला म्हटलं, परीक्षेचं आहे. तो म्हणाला, माझंही म्हशीचं आहे. तीन मिनिटं गेली.

गोटीरामांचा मोबाइल दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. कांदा काढणी चालू होती, मागे बायकांचे आवाज. छाया कुठे आहे विचारलं.

"ती पहिल्या गाडीनंच गेली सर. दहाचा पेपर हाय म्हणली. का, पोचली नाय का?"

बाक तर रिकामं. म्हणजे ती घरून निघाली, आणि आली नाही. पोचली असेल, असं म्हणून मी फोन ठेवला. खोटं बोललो, किंवा खरं, ते मला माहीत नव्हतं. सकाळची गाडी, हायवे, एकटी मुलगी, हातात पांढरी काठी. हे सगळं परत येताना डोक्यात. चप्पल एक बूथपाशीच राहिली.

गेटवर आमच्या शिपाई कुसाबाई उभ्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, काय झालं? तोंड पांढरं पडलंय."

छाया, एवढंच म्हणालो.

"ती लायब्ररीत बसलीय की. लेखनिकासोबत. नऊपासून आलीय, मीच चहा दिला."

अंध विद्यार्थी उत्तर सांगतात, लेखनिक लिहितो. इतरांना त्रास नको म्हणून वेगळी खोली असते. बैठक व्यवस्थेच्या पत्रकाखाली तशी टीप आहे. पत्रक मीच टाइप केलं होतं.

दारातून पाहिलं. छाया हळू आवाजात उत्तर सांगत होती, समोरची मुलगी लिहीत होती. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

कुसाबाईंना विचारलं, तिला सकाळचं कसं कळलं. त्या म्हणाल्या, "मला फोन करते ना ती. शुक्रवारी केला होता. मी बोर्डावरचं वाचून दाखवते, दोन मिन्टांत होतं. पयल्या वर्षापासून तसंच हाय."

शुक्रवारी. म्हणजे माझ्याशी बोलून झाल्यावर.

संध्याकाळी ६

शांतपणे विचार केला. माझं टेबल, आणि खात्रीला कुसाबाई. दोन्ही मिळून यंत्रणा चालली असंच म्हणावं लागेल. मॅडमना कळवण्यासारखं काही नाही. तरी जेवण गेलं नाही. हिने दोनदा विचारलं, काय झालं. कानात अजून रंग आहे म्हणालो.

२ एप्रिल, सोमवार

पेपर संपले. छाया ऑफिसात आली. तिला सगळं सांगितलं, दोन टॅगांसकट. सांगणार नव्हतो, पण ती समोर बसली आणि म्हणाली, सर, दुपारचं ऐकून मला शंका आली होती, पण तुम्ही एवढं ठाम बोललात.

ती रागावली नाही. स्क्रीन रीडर चालू करायला सांगितला. मग चाचपडत मॉनिटरचं बटण शोधून तो बंद केला. म्हणाली, आता तुम्ही ऐका आणि सांगा, तीस तारखेला फर्स्ट इयरला दुपारी काय.

ऐकलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा म्हटलं, अकाउंट्स.

कुणाचं, फर्स्ट इयरचं की सेकंड, तिने विचारलं.

तारखा, वर्षं, विषय सगळं एका माळेत जात होतं, आणि मी काळ्या काचेकडे डोळे ताणून बघत होतो.

ती म्हणाली, "दोन वर्षांची दोन वेगळी टेबलं करा ना सर. साधी. चौकोन जोडू नका, आणि रिकाम्या जागी 'पेपर नाही' असं लिहा."

केली. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली आणि मान हलवली. एकूण अकरा मिनिटं लागली. त्यातली चार मी तिला टॅग म्हणजे काय ते समजावत होतो.