पायरी कुणी मागितली?

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. मध्ये काही वर्षं विसरले होते, पण या उन्हाळ्यात सगळं पुन्हा वर आलं. कारण ऐकाल तर हसाल. मी एक घरगाडी विकत घेतली. म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, मोरी, संडास आणि पुढं हूक. गाडीच्या मागं अडकवली की खोली निघाली गावाला. शहरातले हौशी लोक असल्या गाड्या घेऊन समुद्रावर जातात म्हणे. तुम्ही असतात तर कानावरची पेन्सिल काढून म्हणाला असतात, "घर हाय न्हवं? मंग त्याला चाकं कावून?" आपल्या बीडकडच्या माणसानं हे विचारावं याचंही मला हसू येतं, कारण निम्मा जिल्हा दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला ट्रॉल्यांच्या चाकांवरच निघतो. आणि ती चाकं वडवणीच्या रस्त्यावरच्या तुमच्याच पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडायची.

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता स्वतः मास्तरीण आहे. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघाल्या की ती त्यांच्याबरोबर जाते आणि फडाशेजारी त्यांच्या लेकरांची शाळा भरवते. एकटीच असते. चार हंगाम ती बाकीच्यांसारखीच कोपीत राहिली, म्हणजे चार तट्टे आणि वर प्लास्टिकचा कागद. गेल्या हंगामात कुणीतरी तो कागद बाहेरून उचकला. एकदा नाही, दोनदा. परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता तिनं मला हे सांगितलं, तेही जेवणात मीठ कमी पडलं असं सांगावं तसं. "बाई, कागदाला आतून कडी लावता येत न्हाई. औंदा मी जात न्हाई." ती गेली नाही तर ती पोरं दिवसभर उसाचे वाढे, म्हणजे गुरांसाठी हिरवे शेंडे, गोळा करत हिंडणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मग आम्ही सात-आठ निवृत्त मास्तरणींनी वर्गणी काढली. ज्या दारात गेले तिथं मी तिचं ते कडीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून कुणी नाही म्हणालं नाही. खरेदीला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. ट्रॉलीवाल्याची लेक, लोखंडातलं तिलाच कळतं.

तर आम्ही दोघं नवराबायको एका मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानात गेलो. विकणारा टाय लावलेला. तो पहिल्या मिनिटापासून तुमच्या जावयाशी बोलायला लागला. सर हे बघा, सर ते बघा. मी किंमत विचारली तर उत्तर सरांना, खालचे स्प्रिंगचे पाटे किती विचारलं तर हसू सरांना. शेवटी हे म्हणाले, "अहो, मला सायकलची चेन बसवता येत नाही. यांना सांगा, यांचं बालपण ट्रॉलीखाली गेलंय." तो हसला, त्याला विनोद वाटला. आत गेले तर पलंग असा आडवा टाकलेला की भिंतीकडच्या माणसाला उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागेल. शेगडी पलंगाच्या उशाशी. संडासाला दार नाही, सरकणारा पडदा, आणि तो शेगडीपासून हातभर. टीव्ही मात्र दोन! मी म्हटलं, "हे ज्यानं आखलं त्यानं आयुष्यात एकदा तरी पोळी लाटली आहे का?" तो म्हणाला, "मॅडम, लोक ह्यात स्वयंपाक करत नाहीत, बाहेरून मागवतात." उसाच्या फडात कोण आणून देणार आहे रे बाबा?

मग मी पिशवीतून तुमची हातोडी काढली. बाभळीच्या दांड्याची, लहान डोक्याची. डी.एड.ला निघाले तेव्हा तुम्ही माझ्या ट्रंकेत पातळांच्या घडीत ठेवली होती. मी पदर खोचला आणि त्या चकचकीत फरशीवर बसून गाडीखाली शिरले. "आधी खाली वाक, मग वर बग," हे तुमचंच. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून तुम्ही मला नव्या ट्रॉलीखाली सोडायचात. मी उताणी सरकायची, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खडू. प्रत्येक जोडावर एक ठोका. भरीव जोड खणकन वाजतो, पोकळ जोड खोकल्यासारखा. पोकळ लागला की खडूनं फुली. तुमचे दोन कारागीर माझ्या फुल्यांना घाबरायचे. तुम्ही मात्र फुली दिसली की न बोलता पुन्हा वेल्डिंग करायला लावायचात. गिऱ्हाईक दारात खोळंबलं असलं तरी. एवढं सुख मला पुढं कुठल्याही परीक्षेत मिळालं नाही. तर मी त्या दुकानात ठोकायला लागले आणि तो टायवाला ओरडला, "मॅडम, प्लीज, ठोकू नका, वॉरंटी जाईल!" खालून मी तीन जोड पोकळ मोजले. बाहेर आले, धूळ झटकली आणि विचारलं, "आत चढायला पायरी कुठंय?" कारण मघाशी मी त्यानं पायाखाली सरकवलेल्या स्टुलावरून चढले होते. तो म्हणाला, "स्टेप वेगळी घ्यावी लागते सर. सहसा कुणी मागत नाही."

अण्णा, तुम्ही तिथं त्या टायमध्ये उभे होतात.

मी आठवीत आहे. दसरा झाला आहे, आपल्या शेडसमोर नवी ट्रॉली उभी आहे, तिला तांबडा रंग दिला आहे, तो नीट वाळलाही नाही. मुकादम घाईत आहे. टोळी तिथूनच भरून निघणार. भांडी, ज्वारीची पोती, कोंबड्या, शेळी, सगळं वर चढलं. मग बायका. पुरुष ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला, त्या उघडणाऱ्या पत्र्याला, धरून उडी मारतात. बायका एक पाय चाकाच्या मधल्या तुंब्यावर, दुसरा टायरवर ठेवतात आणि वरून कुणीतरी हात ओढतं. एक बाई, तिचे दिवस भरत आलेले. तिनं लुगडं सावरत पाय ठेवला, ओला रंग होता, पाय घसरला आणि ती रस्त्यावर बसली. सगळे हसले. तीसुद्धा हसली. मग दोघींनी काखेत हात घालून तिला पोत्यासारखी वर घेतली. ट्रॉली गेली. मी खडू घेऊन पुढच्या ट्रॉलीकडं गेले आणि फाळक्याच्या खाली शेडच्या फरशीवर तीन पायऱ्या काढल्या, मापं घालून. किती लोखंडी अँगल लागेल तेही लिहिलं. तुम्ही आलात, वाचलंत. मला वाटलं, फुलीसारखंच होणार. तुम्ही म्हणालात, "पायरी कुनी मागितली?"

मी म्हटलं, "त्या बाईला लागली असती." तुम्ही म्हणालात, "ट्रॉली इकत घेनारा येगळा, चढनारी येगळी. घेनाऱ्यानं मागितली न्हाई. लोखंड काय झाडाला लागतंय?" आणि पायातल्या वहाणेनं माझा खडू पुसलात. हातानं पुसला असता तरी मला इतकं लागलं नसतं. पुढं मी दोनदा विचारलं, तेव्हा कारागिरांसमोर "लई शानी झालीस, घरात जा" असं ओरडलात. त्या वर्षापासून माझं ट्रॉलीखाली जाणं बंद झालं. लोक काय म्हणतील हे कारण होतं. मला ते कधीच पटलं नाही. तुम्ही एका पायरीसाठी मला बाहेर काढलंत असं मी आजही म्हणते.

तुम्हाला कळत नव्हतं असं असतं तर मी गप्प बसले असते. अडाणी माणसावर कोण रागावतं? पण आपल्या घरच्या बैलांच्या टायरगाडीला पायरी होती, अण्णा. आईचे गुडघे दुखायला लागले त्या वर्षी तुम्ही केलीत. तिच्या पावलाच्या मापाची, वर पाय घसरू नये म्हणून कानशीनं चरे पाडलेली. म्हणजे तुमच्या बायकोला पायरी आणि लोकांच्या बायकांना चाक. ज्या ट्रॉलीतून वर्षानुवर्षं या जिल्ह्याच्या बायका पोटुशी, लेकुरवाळ्या, आजारी अशा गेल्या, त्यांच्यासाठी तुमच्याकडं चार हात अँगल नव्हता. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. तुम्ही खाटेला खिळलात तेव्हा बोलणार होते, पण तुमच्या तोंडात पाणी घालताना कसं बोलणार?

असो. दुसरी गाडी अगदीच स्वस्त होती. भेळेच्या गाड्या बनवणारा होता. वरून फुलाफुलांचा पडदा, खाली गंजावर रंग. तांब्या काठोकाठ भरून मी गाडीच्या आत तळावर ठेवला आणि यांना दारात जरा पाय आपटायला सांगितलं. निम्मा तांब्या सांडला. तो म्हणाला, "किंमत बघा ना ताई." किंमत बघूनच आले होते. पण स्वस्त म्हणून घेतलेली गाडी फडाच्या रस्त्यावर मोडली तर भर उसात ती एकटी मास्तरीण कुठं जाणार, हे किमतीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

तिसरा, घरगाड्यांचा कारखानदार, कमी बोलणारा निघाला. त्याच्या गाडीखाली मी अर्धा तास होते, एक फुली पडली नाही. किंमत मधली होती, म्हणजे आमच्या पदरात होतं त्याच्या अगदी काठावर. आतली आखणी मात्र सहलीची होती, ती मी मोडून घेतली. पलंग लांबीला लावला, शेगडी दाराजवळ वाऱ्यावर आणली, संडासाला खरं दार केलं. एका बाजूचा पत्रा बाहेर खाली उघडेल असा केला आणि त्याला आतून काळा रंग दिला, म्हणजे तो उघडला की फळा. आणि पायरी! रुंद, पक्की, तीन टप्प्यांची, पहिला टप्पा जमिनीपासून वीतभर. साडी नेसून, हातात पाण्याची कळशी घेऊन मी तीनदा चढले, तीनदा उतरले. त्यावर चरे पाडून घेतले. कारखानदारानं विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?" मी म्हटलं, "वडवणी रोडला." तेव्हा छाती फुगली होती माझी, खोटं कशाला सांगू? मनात तुम्हाला म्हटलं, बघा, कुणी मागितली नव्हती तरी केली.

परवा गाडी बीडला आली. मास्तरीण तिच्या भावाचा पिकअप घेऊन आली. आम्ही सगळ्या बायका नारळ घेऊन उभ्या. मी तिचा हात धरून पायरी दाखवली, फळा उघडून दाखवला, जोड ठोकून दाखवले. एकटी मीच बोलत होते. ती पायरी चढून आत गेली. ओट्यावर हात फिरवला, पलंगावर बसली. मग उठून तिनं दार आतून ओढून घेतलं. उघडलं. पुन्हा ओढलं. आम्ही बाहेर उभ्या. तिसऱ्यांदा उघडून तिनं डोकं बाहेर काढलं आणि हळूच विचारलं, "बाई, आतून कडी कुठं हाय?"

नव्हती. दाराला बाहेरून किल्लीचं कुलूप होतं, आतून नुसतं लोहचुंबक. सहलीच्या गाडीला असतं तसं. एक लाथ मारली की उघडेल. मी शेगडी हलवली, पलंग फिरवला, पायरीचे चरे बोटानं तपासले आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं केलं ती माझ्या ध्यानातच आली नाही. इतक्या महिन्यांत तिला एकदाही सोबत नेलं नाही. तिला काय कळतं लोखंडातलं, असं मला वाटलं होतं. हो, अगदी असंच वाटलं होतं.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "कंपनीवाले विसरले वाटतं." ती लगेच म्हणाली, "असू द्या हो बाई, ह्या कंपनीवाल्यांना काय, त्येंना थोडंच आत झोपायचंय!" बाकीच्यांनीही कंपनीला दोन शिव्या घातल्या. मीही मान डोलावली. बाजारातून लोखंडी कडी आणली, जाड, हातभर लांबीची, आणि दुपारभर बसून स्वतः भोकं पाडून बसवली. तुमच्या हातोडीनं. तिनं आतून लावून बघितली आणि आतूनच ओरडली, "बसली, बाई!" संध्याकाळच्या आत ती गाडी घेऊन तिच्या गावी, घाटनांदूरला पोचली. टोळी आता आठवड्यात निघेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वही मिटून कपाटात जाईल. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, तो जाऊही नये. फक्त एवढं तुम्हाला सांगायचं होतं, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्याची माझी हिंमत नाही. कंपनीवाले विसरले नव्हते, अण्णा. त्यांना कुणी कडी सांगितलीच नव्हती. तुमच्याकडं त्या बाईनं पायरी मागितली नव्हती. माझ्याकडं हिनं कडी मागितली होती.