एम. बाई, तिवसा

३ मार्च १९३८, अमरावती

नोकरी मिळाली! प्रोफेसर मोरेल यांची मदतनीस — मी! पंधरा दिवस. जिनिव्हाहून आलेत, उतरलेत आमच्याकडेच, राष्ट्राराष्ट्रांमधला कायदा शिकवतात. इथे शोधायचंय एवढंच — वऱ्हाड नक्की कुणाचं? निजामाचं की इंग्रजांचं? मी लोकांची मतं विचारायची, इंग्रजीत उतरवून द्यायची.

बाबांची अट: "साहेबांनी लेखी शिफारस दिली तर नागपूरला लॉ कॉलेजात पाठवीन. नाही तर अकोल्याचं स्थळ. जठारपेठेत स्वतःचं घर आहे त्यांचं." घराशी लग्न लावायचंय का माझं!

५ मार्च

सहा वकील झाले. सगळ्यांचं एकच — "एका अर्थी निजामाचं, एका अर्थी इंग्रजांचं." बाबाही वकीलच. त्यांनी हेच सांगायला पाऊण तास घेतला. प्रोफेसर जांभई दाबत होते. अशानं कसली मिळतेय शिफारस!

६ मार्च

तिवशाची माणिकबाई परसातल्या झाडाची संत्री घेऊन आली. तिच्या बागेचा यंदाचा बहार खुशालराव व्यापाऱ्यानं विकत घेतलाय — फळं त्याची, झाडं हिची. फळं उतरली तरी तो बागेतली झोपडी सोडत नाही. दावा चालू आहे. खुशालरावाचे वकील कोण? आमचे बाबा! तरी ही घरी येते. "भांडन वकिलाशी हाय, पोरीशी नाई."

सहज विचारलं, वऱ्हाड कुणाचं गं? टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "झाड निजामाचं. बहार इंग्रजानं घेतला. अन् पानी आमी देऊन राह्यलो! कावून?"

जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं, त्या 'कावून'चं 'व्हाय'सुद्धा. खाली नाव — एम. बाई, तिवसा.

७ मार्च

घोटाळा! कागद वाचून प्रोफेसर खुर्चीतून उठलेच. "इतकं नेमकं कुणीच बोललं नाही! कोण हे महाशय बाई?" त्यांच्या फ्रेंचमध्ये नावाआधी 'एम' म्हणजे महाशय. आणि 'बाई' हे आडनाव! आमच्या स्वयंपाकीण दुर्गाबाई, शेजारच्या रुख्मिणीबाई — त्यांची नावं आधीच कानावर पडलेली. "मोठं घराणं दिसतं," म्हणाले.

मी पुढचा कागद सरकवला. टोपलीवाली आहे म्हटलं तर कागद फाडतील, शिफारस गेली. भित्री कुठली!

१० मार्च

उद्या महाशय बाईंना भेटायला मोटारीनं तिवशाला. बाबाही निघालेत — "कोण हा बाई वकील? मला कसा माहीत नाही?" देवा, मला ताप तरी आण.

११ मार्च

माणिकबाई संत्र्याच्या आळ्यांत पाणी सोडत होती. लुगडं खोचलेलं, पाय चिखलात. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबा लालबुंद. प्रोफेसर टोपी काढून तिच्यापुढे वाकले. माझ्याकरवी विचारलं, "बहार संपला, तरी घेणारा उठला नाही, तर?"

माणिकबाई बाबांकडे बोट करून म्हणाली, "मले काय विचारता? या वकीलसायबाले विचारा. थेच त्याले बसवून राह्यले!"

बाबा हळूच म्हणाले, "हे नको लिहूस." लिहिलं! शब्द न् शब्द.

संपलं. जठारपेठ!

१८ मार्च

प्रोफेसर गेले. टेबलावर पाकीट ठेवून गेले. "मिस प्रमोदिनी साक्षीचा शब्द बदलत नाहीत — वडील समोर असले तरी. त्यांना कायदा शिकवावा." बाबांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला. "नागपूरला हिवाळ्यात थंडी फार असते, रजई ने," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन दुर्गाबाईंना गरागरा फिरवलं!

२० मार्च

माणिकबाई आली होती. कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा उठवून गेली. "तुहे बाबा तारखावर तारखा घेऊन राह्यले. तोवर तुहं शिकून होते!"

माझा पहिला खटला. विरुद्ध बाजूला — बाबा.