तांबडी वाळू घासून पांढरी केल्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
जलशुद्धी प्रात्यक्षिक कक्ष, सोलापूर.

विषय : माझी सून धम्मप्रिया हिचा सत्कार रद्द करून तिला कामावरून काढून टाकणेबाबत.
संदर्भ : आपले सत्काराचे पत्र.

महोदय,

मी भीमा जोतिराम शिवशरण, राहणार कोरसेवाडी, मंद्रूपजवळ, सेवानिवृत्त शिपाई. साहेबांपुढे उभे राहण्यात जन्म गेला, म्हणून हा अर्ज बसून लिहिला आहे. उद्धटपणा वाटल्यास माफी असावी.

१. आमच्या विहिरीच्या पाण्यात खताचे नायट्रेट फार. त्याने तान्ही मुले निळी पडतात. म्हणून आपल्या कक्षाने गावात गाळणीची टाकी बसवली. तिच्यातल्या वाळूवर लोहखनिजाचा तांबडा लेप होता व तोच नायट्रेट धरून ठेवत होता. उद्घाटनाला हार-नारळ झाले, भाषणे झाली. लेपाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

२. टाकीची देखभाल धम्मप्रियाकडे. पाहणीच्या दिवशी झाकण उघडून आपण तिला चारचौघांत फटकारले, की एवढा गंज चढेपर्यंत झोपली होतीस काय? गंज कशाने निघतो हे आमच्याकडच्या बायकांना शिकवावे लागत नाही. तिने चिंच भिजवली, बचतगटाच्या बायका जमवल्या आणि सगळी वाळू तांब्याच्या घागरीसारखी घासून काढली. "मामंजी, बघा की, आता सायेब काय नाव ठेवत्यात!" असे मला म्हणाली.

३. धम्मप्रियाची तान्ही मुलगी, माझी नात, पावडरीच्या दुधावर होती. दूध त्याच पाण्यात कालवत होतो. आधी ओठ निळे झाले, मग नखे. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. दाखल्यावर 'श्वासाचा त्रास' एवढेच आहे. लेप तयार करणाऱ्या कॉलेजच्या शुभदा मॅडम नंतर आल्या व पांढरी वाळू पाहून मला बाजूला घेऊन गेल्या. खरे कारण त्यांनी मला एकट्याला सांगितले. सुनेला कळू देऊ नका, म्हणून मी त्यांचे पाय धरले.

४. वाळूवरचा लेप गेला, अशी मी तक्रार केली. आपण 'वाळू स्वच्छ आढळली' असा शेरा मारून ती निकाली काढली. आता आदर्श देखभालीबद्दल तिचा सत्कार, आणि पुढे दुधनीपर्यंतच्या गावांत तिने चिंचेने वाळू घासून दाखवायची, असा आपला हुकूम आहे. साहेब, त्या गावांतही पाळणे बांधलेले आहेत.

नात गेल्यापासून सून अन्नाला शिवत नव्हती. आपले पत्र आले त्या दिवशी तिने वेणी घातली. "पोरीच्या नावानं चार गावचं पानी तरी चांगलं करते," म्हणाली. मी तोंड फिरवले.

सबब विनंती की, सत्कार व दौरा रद्द करावा, सगळीकडे लेपाची वाळू नव्याने भरावी, आणि धम्मप्रियाला कामावरून कमी करावे. ती राहिली तर नवी वाळूही घासणार. कामात हयगय केली, असा शेरा मारावा. खोटा आहे, पण तो ती सोसेल. खरे सोसणार नाही.

ती रडत आपल्या कार्यालयात येईल व माझे काय चुकले असे विचारील. तेव्हा तिला बाहेर बाकावर बसवून ठेवावे आणि काही न सांगता परत पाठवावे. हे आपणांस जड जाऊ नये.

आपल्याच टाकीचे पाणी पिणारा नम्र,
भीमा जोतिराम शिवशरण
कोरसेवाडी, दि. १४ मे २०२४

सोबत : नातीच्या मृत्यूचा दाखला.